चालत्या गाडीत स्कॅनर आणि हँडीचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून

घरात टेबलावर ठेवलेला स्कॅनर, म्हणजे एकामागून एक चॅनल चाळून ऐकवणारा रेडिओ रिसीव्हर, पाव आवाजातही खोलीभर ऐकू येतो. तोच गाडीच्या कप होल्डरमध्ये उभा करून एक्स्प्रेसवेला लागलं की ऐंशीच्या पुढे नुसती कुजबुज उरते. बटण शेवटपर्यंत फिरवलं की आवाज फाटतो, आणि कोण काय म्हणालं ते तरीही कळत नाही. मग माणूस दुकानात जाऊन ‘मोठा अँप’, म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर, मागतो. माझं म्हणणं असं की अँपची पाळी सगळ्यात शेवटी यावी. त्याआधीच्या गोष्टी, म्हणजे रेडिओची सेटिंग, अँटेना आणि कानाजवळचा स्पीकर, नीट केल्या तर बहुतेक गाड्यांमध्ये अँप लागतच नाही.

ही पद्धत हातात मावणाऱ्या कुठल्याही रिसीव्हरला लागू पडते. अमेरिकेत राहणाऱ्या मित्रांकडे युनिडेनचे स्कॅनर असतात, आपल्याकडच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींकडे दोन मीटर बँडच्या (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) हँडी, म्हणजे हातातले वॉकीटॉकी. परवान्याचं आधीच बोलून घेऊ. भारतात परवान्याशिवाय वायरलेस संच बाळगण्यावर १९३३ च्या कायद्यापासून बंधन आहे, त्यामुळे इथे हा उद्योग परवानाधारक हॅमनेच करावा, आणि तोही आपल्या बँडवर. अमेरिकेत राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. न्यू यॉर्क आणि फ्लोरिडामध्ये पोलिसांच्या फ्रीक्वेन्सी ऐकू शकणारा संच गाडीत ठेवण्यावर निर्बंध आहेत आणि परवानाधारक हॅमना त्यातून सूट आहे. शेजारच्या राज्यात गाडी नेणार असाल तर तिथला नियम आधी वाचा.

आवाज नेमका कुठे हरवतो

महामार्गावर छोट्या गाडीच्या आतला गोंगाट सत्तर डेसिबलच्या आसपास असतो. इंजिन, टायर आणि वारा यांचा हा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीतला, म्हणजे घुमणारा असतो. बोलणं समजतं ते व्यंजनांवरून. स, श, त, क यांची ओळख साधारण एक ते चार किलोहर्ट्झमध्ये असते. म्हणून नुसता ‘मोठा’ आवाज पुरत नाही, वरची पट्टी कानापर्यंत पोचावी लागते. हँडीचा स्पीकर कप होल्डरमध्ये तोंड छताकडे किंवा सीटच्या कापडाकडे करून बसला की नेमकी ही वरची पट्टीच आधी मरते, कारण ती सरळ रेषेत जाते आणि कापडात शोषली जाते.

आता थोडं गणित. वॉट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. ‘दुप्पट मोठा’ वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. उलट स्पीकर आणि कान यांतलं अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल फुकट मिळतात. एक मीटरवरचा स्पीकर पाव मीटरवर आणला की बारा डेसिबल, म्हणजे सोळापट ताकदीच्या अँपइतका फायदा! गाडीच्या बंद डब्यात काचांवरून आवाज परततो, त्यामुळे हिशोब अगदी तंतोतंत बसत नाही, पण दिशा तीच राहते.

साधारण बरा छोटा स्पीकर एक वॉटला एक मीटरवर ८५ डेसिबल देतो. हँडीचा अर्धा वॉट दिला तर ८२. तोच कानापासून पंचवीस सेंटीमीटरवर ठेवला तर ९४. सत्तरच्या गोंगाटात बोलणं नीट कळायला दहा-पंधरा डेसिबलची आघाडी पुरते. म्हणजे अर्ध्या वॉटमध्ये काम होऊन वर शिल्लक राहते.

पहिलं काम रेडिओच्या मेनूत

स्पीकर विकत घेण्याआधी रेडिओ स्वतःच आवाज दाबतोय का ते बघा. एफएममध्ये आवाज किती मोठा येतो हे डेव्हिएशनवर, म्हणजे बोलताना फ्रीक्वेन्सी किती इकडेतिकडे हलते त्यावर ठरतं. समोरचा नॅरोवर, म्हणजे अडीच किलोहर्ट्झ डेव्हिएशनवर बोलतोय आणि तुमचा रिसीव्हर वाइडवर ठेवलेला असेल, तर आवाज सरळ सहा डेसिबलने पडतो. ‘हे एकच चॅनल हळू ऐकू येतं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. स्कॅनरमध्ये त्या चॅनलला एफएमऐवजी एनएफएम (नॅरो एफएम) लावा. उलट प्रकार झाला, म्हणजे रिसीव्हर नॅरो आणि समोरचा वाइड, तर आवाज फाटतो. युनिडेनच्या बीसीडी ४३६ एचपीसारख्या वरच्या मॉडेलमध्ये चॅनलनिहाय आवाज कमीजास्त करायची सोयही आहे. ती वापरा, म्हणजे एका चॅनलसाठी सारखं बटण फिरवावं लागत नाही.

चाचणीला एकसारखं बोलणारं स्टेशन हवं. अमेरिकेत हवामानाचं प्रसारण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात चॅनलांवर अखंड चालू असतं, त्याच्याहून सोपं काही नाही. आपल्याकडे रिपीटरवरचा (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्रावरचा) सकाळचा नेट, म्हणजे हॅम मंडळींची ठरलेली गप्पांची वेळ, धरा, नाहीतर मित्राला दुसऱ्या हँडीवरून दोन मिनिटं वर्तमानपत्र वाचायला सांगा.

सिग्नलच अशक्त असेल तर खरखर वाढते आणि आपण आवाज वाढवत बसतो, त्याने खरखरही तेवढीच वाढते. गाडीचा पत्रा आतल्या रबरी अँटेनाला झाकतो. छतावर चुंबकाची पाव तरंग अँटेना लावा. १४५ मेगाहर्ट्झला ती साधारण ४९ सेंटीमीटर लांब असते. ऐकणं इतकं स्वच्छ होतं की पुष्कळ जणांचा आवाजाचा प्रश्न तिथेच संपतो.

स्पीकर कानाजवळ

हँडीवाल्यांसाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्पीकर माईक. शर्टाच्या कॉलरला लावला की त्याचा लहानसा स्पीकर कानापासून वीतभर अंतरावर येतो. शहरात आणि राज्य महामार्गावर मला याहून जास्त कशाची गरज वाटत नाही. सीटबेल्टला मात्र तो अडकवू नका. बेल्ट मोकळा सरकला पाहिजे, आणि अपघातात ती कडक वस्तू छातीवर दाबली जाते.

स्कॅनरला, किंवा वेगात गाडी चालवणाऱ्या हँडीवाल्याला, वेगळा स्पीकर हवा. आठ ओहमचा, तीन इंची, मागून बंद डब्यातला घ्या. उघडा स्पीकर घेतला तर मागची लाट पुढची लाट खाते. मोबाइल रेडिओंसोबत मिळतात ते काळे, कंसात बसवलेले कम्युनिकेशन स्पीकर या कामाला उत्तम, कारण त्यांना खालची पट्टी जवळजवळ नसतेच. गाण्यासाठी केलेला, बास देणारा स्पीकर इथे उलट त्रास देतो. घेताना सेन्सिटिव्हिटीचा आकडा विचारा. ८५ ऐवजी ८८ चा मिळाला तर तेवढ्यानेच अँप दुप्पट केल्यासारखं होतं.

तो लावायची माझी आवडती जागा म्हणजे चालकाच्या सीटच्या हेडरेस्टचा दांडा, आतल्या बाजूचा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत तो डावा दांडा. स्पीकरच्या कंसाला रबराची पट्टी गुंडाळून दोन होज क्लिपांनी तो दांड्यावर पक्का करायचा आणि तोंड कानाकडे थोडं वळवायचं. डोकं मागे टेकलं तरी ते कशालाही लागणार नाही इतका तो बाजूला असावा. तसंच सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला साइड एअरबॅग असते, तिकडे जाऊ नका. समोरच्या काचेचा खांब आणि दारामधला खांब हे तर मुळीच नको, कर्टन एअरबॅग तिथूनच उघडते. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर काही चिकटवणं हाही तोच गुन्हा.

इअरफोनचा मोह होतो, कारण तो सगळे प्रश्न एका झटक्यात सोडवतो. पण मागून येणारी रुग्णवाहिका ऐकू आली पाहिजे. कॅलिफोर्नियात दोन्ही कानांत इअरफोन घालून गाडी चालवणं कायद्यानेच बंद आहे, आणि तसा कायदा नसता तरी मी ते केलं नसतं.

जॅक आणि प्लग

इथे घाई केली तर रेडिओ बिघडतो, म्हणून सावकाश.

स्कॅनरला साधारणपणे ३.५ मि.मी.चा हेडफोन जॅक असतो. तो हेडफोनसाठीच असतो, त्यातून मोजके मिलिवॉट निघतात. म्हणून काही स्कॅनरना बाहेरचा साधा स्पीकर लावला की आवाज उलट कमी होतो. असं झालं तर स्पीकरचा दोष नाही. त्या स्कॅनरला अँप लागणारच, पुढच्या भागाकडे वळा.

बाओफेंगसारख्या, केनवूड पद्धतीचे दोन जॅक असलेल्या हँडीत स्पीकर बारीक, २.५ मि.मी.च्या भोकात असतो आणि माईक ३.५ च्या. स्पीकरसाठी फक्त बारीक प्लग लावा, दुसरं भोक रिकामं ठेवा. दोन्ही प्लगच्या बाह्या, म्हणजे मागचे लांब धातूचे भाग, एकमेकांना जोडले गेले की पीटीटी, म्हणजे बोलण्यासाठी दाबायचं बटण, दाबल्यासारखं होतं आणि हँडी प्रसारण करत बसते. घरी केबल बनवताना ही चूक सहज होते, तेव्हा लावण्याआधी मल्टिमीटरच्या बीपवर तपासून घ्या.

तिसरी गोष्ट मोनो आणि स्टिरिओची. स्कॅनरचा जॅक स्टिरिओ असेल आणि तुम्ही मोनो प्लग घातला, तर एक बाजू सरळ ग्राउंडला शॉर्ट होते. उलट मोनो जॅकमध्ये स्टिरिओ केबल घातली तर गाडीच्या एकाच बाजूच्या स्पीकरमधून आवाज येतो. केबल घेताना काळ्या रिंगा मोजा. एक रिंग म्हणजे मोनो, दोन म्हणजे स्टिरिओ. मोनो ते स्टिरिओ अडॅप्टर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शोधला की मिळतो.

गाडीच्याच म्युझिक सिस्टीममधून

गाडीच्या स्टिरिओला ऑक्सचं, म्हणजे बाहेरचा आवाज तारेने आत घ्यायचं भोक असेल तर अँप आणि स्पीकर दोन्ही आयते आहेत. स्कॅनरचा आवाज साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा आणि उरलेलं काम स्टिरिओकडून करून घ्या. उलट केलं, म्हणजे स्कॅनर बारीक आणि स्टिरिओ भरपूर, तर सूं असा आवाज वर येतो. बॅलन्स आणि फेडर चालकाच्या दारातल्या स्पीकरकडे न्या, बास खाली, मिड थोडा वर. दारातला स्पीकर गुडघ्याजवळ असल्याने वरची पट्टी थोडी हरवते, पण ताकद इतकी असते की चालून जातं.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ऑक्स नाही. तिथे ब्लूटूथ ट्रान्समीटर चालतो, आवाज किंचित उशिरा येतो पण ऐकण्याला त्याने फरक पडत नाही. खरी अडचण अशी की गाणी, नकाशाची बाई आणि स्कॅनर एकाच दारातून येऊ पाहतात. एफएम ट्रान्समीटर मात्र टाळा. रिसीव्हरच्या हातभर अंतरावर दुसरा ट्रान्समीटर ठेवणं हे ऐकणाऱ्याच्या मुळावरच येतं, विशेषतः ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा विमानांचा बँड ऐकत असाल तर, कारण ८८ ते १०८ त्याच्या जवळच आहे.

आता अँप

इथपर्यंत येऊनही कमी पडत असेल, म्हणजे जुनी डिझेल गाडी, खिडक्या उघड्या, किंवा हेडफोनपुरताच आउटपुट असलेला स्कॅनर, तर अँप लावा. पाच-सहा वॉट खूप झाले.

बाजारात तीन नावं सतत समोर येतात. पीएएम ८४०३ चा चिमुकला बोर्ड सगळ्यात स्वस्त, पण तो ५ व्होल्टचा आहे. गाडीची तार थेट दिली की संपला. शिवाय तो क्लास डी आहे, आतल्या आत सेकंदाला लाखो वेळा स्विच होतो, आणि त्याची भुणभुण रिसीव्हरच्या बँडपर्यंत चढू शकते. त्याच्या स्पीकरची कुठलीही तार ग्राउंडला लावायची नसते, तेही लक्षात ठेवा. एलएम ३८६ हा शिकाऊंचा लाडका, पण त्याचा साधा प्रकार १२ व्होल्टपर्यंतचा आहे आणि इंजिन चालू असताना गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात. ताकदही कमी.

माझी पसंती टीडीए २००३ ला. जुना आहे, पण मुळात कार रेडिओसाठीच बनवलेला. ८ ते १८ व्होल्टवर चालतो, शॉर्टसर्किट आणि तापण्यापासून संरक्षण आतच आहे, आणि बॅटरीची तार सुटल्यावर अल्टरनेटर जो झटका देतो तो ४० व्होल्टपर्यंत क्षणभर सोसतो. १४.४ व्होल्टला चार ओहमवर सहा वॉट देतो, आठ ओहमवर सुमारे निम्मे. तयार बोर्ड हीट सिंकसह मिळतो. क्लास एबी, म्हणजे असं स्विचिंग न करणारा, असल्याने रेडिओत भुणभुण सोडत नाही, आणि या कामात मला तो गुण सगळ्यात मोलाचा वाटतो.

जोडणी अशी. गाडीच्या फ्यूज बॉक्समधून, किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवर फ्यूज टॅप लावून २ अँपिअरचा फ्यूज घ्या. फ्यूज अँपजवळ नको, उगमाजवळच हवा. ग्राउंड जवळच्या मूळ बोल्टला द्या, बोल्टखालचा रंग खरवडून.

हा अँप शंभरपट वाढवतो. पूर्ण सहा वॉटला त्याला इनपुटवर जेमतेम ५५ मिलिव्होल्ट लागतात आणि रेडिओ त्याच्या कितीतरी पट देतो. थेट जोडलात तर पहिल्या शब्दालाच फाटेल. म्हणून मध्ये एवढं करा: रेडिओच्या गरम, म्हणजे ऑडिओ सिग्नलच्या तारेत ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्यापुढे २२ किलोओहमचा रेझिस्टर, मग १० किलोओहमच्या पॉटचं (फिरवून कमीजास्त करायच्या रेझिस्टरचं) वरचं टोक. पॉटचं खालचं टोक ग्राउंडला, मधला पाय अँपच्या इनपुटला. हा कपॅसिटर आणि ३२ किलोओहमची बेरीज मिळून सव्वादोनशे हर्ट्झच्या खालचं घुमणं आपोआप छाटतात. टायरचा गोंगाट तिथेच असतो, त्यामुळे ती पट्टी स्पीकरने वाजवून काहीच हाती लागत नाही. अजूनही आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर कपॅसिटर ०.०१ चा करा, छाट पाचशेच्या आसपास जाईल आणि शब्द कोरडे, टोकदार ऐकू येतील. रेडिओपासून अँपपर्यंत शील्डेड तार वापरा.

पॉट शून्यावर ठेवून सुरुवात करा. रेडिओ निम्म्यावर, मग पॉट हळूहळू वाढवत वेगातल्या गोंगाटावर आवाज चढेपर्यंत न्या. हे काम शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाने करायचं, चालवणाऱ्याने नाही. एकदा जमलं की पॉटला हात लावायचा नाही, पुढचं सगळं रेडिओच्या बटणावर.

किंचाळणं आणि गुणगुण

अँप लावल्यावर इंजिनच्या वेगाबरोबर चढउतार करणारी शिट्टी ऐकू आली तर ती अल्टरनेटरची. रेडिओची चार्जिंग तार काढून तो स्वतःच्या बॅटरीवर चालवा. शिट्टी गेली तर ग्राउंड लूप आहे: रेडिओचं ग्राउंड चार्जरमधून एका वाटेने आणि ऑडिओ केबलमधून दुसऱ्या वाटेने गाडीला मिळतंय. ऑडिओच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. त्यात ६०० ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मरच असतो. ऑक्सने जोडणाऱ्यांना याची गरज सर्वाधिक पडते.

चार्जरचा दुसरा त्रास लपून राहतो. स्वस्त यूएसबी चार्जर रेडिओ लहरींचा इतका कचरा सोडतात की अशक्त स्टेशनं गायबच होतात, आणि वाटतं आज कोणी बोलतच नाही. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडून एक दूरचं स्टेशन लावा आणि चार्जर काढून-घालून बघा. खरखर बदलली तर चार्जर बदला, किंवा त्याच्या तारेला फेराइटच्या, म्हणजे असा कचरा अडवणाऱ्या चुंबकी पदार्थाच्या कड्यावर पाच-सहा वेढे द्या.

हँडीवाल्यांना शेवटची एक चाचणी करावी लागते, स्कॅनरवाल्यांना नाही. गाडीत अँप चालू ठेवून पाच वॉटवर प्रसारण करा. स्पीकरमधून गुरगुर आली तर रेडिओची लहर अँपच्या इनपुटमध्ये शिरते आहे. इनपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये अगदी पायांशी एक नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर कथिलाने जोडा आणि स्पीकरच्या तारेवर फेराइट क्लिप लावा. छतावरची अँटेना असेल तर ही गुरगुर बहुधा येतच नाही. रबरी अँटेना वापरत असाल तर हँडी अँपच्या बोर्डापासून हातभर लांब ठेवून पुन्हा तपासा.